संचात नसलेले कार्ड : सोलापूरकरांचे अनुभव

गेल्या महिन्यात मुरारजी पेठेतले आमचे जुने घर रिकामे करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात माझी शाळकरी वयातली क्रिकेटपटूंची कार्डे सापडली. बबलगमच्या वेष्टनात एकेक निघणारी ही कार्डे १९८७ च्या रिलायन्स चषकाच्या, म्हणजे त्या वर्षीच्या क्रिकेट विश्वचषकाच्या, सुमाराची आहेत. डबा उघडला, तेव्हा कार्डे मोजण्याआधीच त्यात नसलेली तीन कोणती, हे मी सांगू शकलो. जे मिळाले त्याची आठवण पुसट व्हावी आणि जे मिळाले नाही ते मात्र नावानिशी लक्षात राहावे, याचे मला मनापासून आश्चर्य वाटले. इतरांचेही असेच होते का, हे विचारण्यासाठी हा धागा काढत आहे.

संग्राहकांच्या जगात या ओढीचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे होनस वॅग्नरचे कार्ड. वॅग्नर हा पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा नामांकित खेळाडू. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची पाचशेहून अधिक वेगवेगळी कार्डे वाटली. पुढे जेफरसन बर्डिक या संग्राहकाने अमेरिकेतल्या कार्डांची सूची तयार केली, तिच्यात या संचाला टी २०६ हा क्रमांक मिळाला आणि तेच नाव रूढ झाले. (बर्डिकने आपला सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला, ही गोष्ट मला त्या किमतींच्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते.) या संचातली बहुतेक कार्डे आजही थोड्या खटपटीने मिळतात, वॅग्नरची मात्र सुमारे ५० ते ६० च ज्ञात आहेत, कारण आपले चित्र वापरण्यास त्याने हरकत घेतली आणि छपाई थांबली. मुलांनी कार्डाच्या लोभाने सिगारेटची पाकिटे विकत घेऊ नयेत असे त्याला वाटे, ही हकीकत सर्वाधिक सांगितली जाते. तो स्वतः तंबाखू चघळत असे, त्यामुळे खरे कारण मोबदल्याचे असावे, असेही काही जण मानतात. मला पहिली हकीकत पटते. स्वतः विडी ओढणारा बाप मुलाच्या हातात विडी दिसली तर किती कळवळतो, हे सोलापुरात तरी वेगळे सांगायला नको.

यातले एक कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरना विकले गेले, म्हणजे त्या वेळच्या दराने ५७ कोटी रुपयांच्या घरात. आपण लिहिताना किंमत सांगितली नाही तरी चालेल. आपले कार्ड का मिळाले नाही, ते मात्र सविस्तर लिहावे, ही विनंती.

साखर पेठेतून

धागा काढल्याबद्दल आभार. आपण ज्या बबलगमच्या कार्डांविषयी लिहिले आहे, त्यांचा व्यवहार आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी चाले. एका बबलगमला आठ आणे पडत. ‘डबल’ आलेले कार्ड बदलून घ्यायचे आणि त्याचा भाव त्या आठवड्यात झालेल्या सामन्यावर ठरायचा.

चेतन शर्माचे कार्ड हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात जावेद मियाँदादने त्याच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारल्यापासून आमच्याकडे ते कार्ड कोणी फुकट दिले तरी घेत नसे. ज्याच्याकडे ते निघे, त्याला इतर मुले चिडवत. माझ्याकडे एकच होते आणि तेही मी १९८७ च्या ऑक्टोबरात शेजारच्या मुलाला लिमलेटच्या दोन गोळ्यांवर देऊन टाकले. आठच दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध त्याने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तिघांचे त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. त्याच सामन्यात सुनील गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतकही काढले होते, तरी दुसऱ्या दिवशी गल्लीत गावसकरांची तीन कार्डे देऊ करूनही चेतन शर्मा मिळेना. मी गोळ्यांऐवजी आठ आणे रोख देऊ केले. त्या मुलाने कार्ड परत दिले नाही आणि त्यात त्याचे काही चुकले, असे मला आज वाटत नाही.

ते कार्ड पुन्हा वेष्टनातून निघेल अशी आशा होती. पण त्याच हिवाळ्यात वडिलांच्या गिरणीतल्या पाळ्या कमी झाल्या आणि घरात बबलगम येणे थांबले. आईने तसे सांगितले नव्हते; मीच मागणे सोडले.

कन्ना चौकाजवळून, छपाईच्या व्यवसायातून

आमचा छापखाना वडिलांनी एका ट्रेडल मशीनवर सुरू केला. आता ऑफसेट आहे, पण चाळीस वर्षे मी कागद कापण्याच्या यंत्रापाशी उभा आहे, म्हणून या विषयाची एक बाजू मांडतो. कार्ड हे शेवटी छापील कागदाचा कापलेला तुकडा असते आणि संग्राहक ज्याला ‘अवस्था’ म्हणतात, ती बरीचशी कापण्यावर ठरते.

एका मोठ्या शीटवर अनेक कार्डे शेजारी शेजारी छापली जातात. टी २०६ संचाच्या काळी ही छपाई लिथोची होती आणि रंगागणिक शीट पुन्हा यंत्रावर चढत असे. एखाद्या रंगाचे रजिस्टर, म्हणजे आधीच्या रंगांवर त्याचे नेमके बसणे, केसभर हलले तरी खेळाडूचे ओठ गालावर सरकलेले दिसतात. त्यानंतर गठ्ठा सुरीखाली जातो. गठ्ठ्याच्या तळाचे कागद किंचित सरकतात, म्हणून एकाच दिवशी कापलेल्या कार्डांचे समास सारखे येत नाहीत. आज परीक्षक कार्डाला १ ते १० असे गुण देतात, तेव्हा चार कोपरे, चार कडा, पृष्ठभाग आणि चित्र समासांच्या मधोमध बसले आहे की नाही, या गोष्टी पाहतात. पाकिटात सिगारेटींना टेकून राहिलेल्या, मुलांच्या खिशात फिरलेल्या कार्डाचे कोपरे शंभर वर्षे तीक्ष्ण राहणे जवळजवळ अशक्य असते.

यामुळेच वॅग्नरच्या सर्वांत प्रसिद्ध प्रतीची कथा मला अस्वस्थ करते. ती प्रत १९९१ मध्ये वेन ग्रेट्झकी या आइस हॉकीपटूने एका भागीदारासह लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतली. तिला ८ गुण मिळाले आणि २००७ मध्ये तिची किंमत २८ लाख डॉलरपर्यंत गेली. ज्या विक्रेत्याच्या हातून ती पूर्वी गेली होती, त्याने २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात कबूल केले की तिच्या कडा त्याने कापून घेतल्या होत्या. झिजलेले कोपरे काढून टाकण्यासाठी केलेला तो काप होता. कापणाऱ्याला हे ओळखता येते, असे माझे मत आहे. जुनी कड बोटाखाली मऊ लागते आणि तिचा रंग कार्डाच्या पाठीसारखाच पिवळसर झालेला असतो, नवी कड मात्र अंगठ्याला टोचते आणि आतून पांढरी दिसते.

याहून एक वेगळी गोष्ट सांगण्यासारखी आहे. गौडी या बबलगम कंपनीने १९३३ मध्ये २४० कार्डांचा बेसबॉल संच काढला आणि त्यात १०६ वा क्रमांक छापलाच नाही. मुले त्या क्रमांकासाठी गम विकत घेत राहिली. तक्रारी आल्यावर १९३४ मध्ये नॅप लाजवे या निवृत्त खेळाडूचे कार्ड १०६ क्रमांकाने छापून तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवण्यात आले. पत्राला ते कागदाच्या क्लिपने जोडलेले असल्याने काही प्रतींवर क्लिपचा वळ आजही दिसतो. साखर पेठेतल्या भाऊंना वाटत असेल की आपले नशीब खोटे. पण एखादे कार्ड मुद्दामच कमी छापले जाते, हे मी व्यवसायातला माणूस म्हणून सांगतो. शीटवर एक चित्र चार वेळा आणि दुसरे एकदाच बसवले की काम झाले.

रेल्वे लाईन्समधून

माझे आजोबा रेल्वेत होते. त्यांच्या गोऱ्या साहेबाने निवृत्तीच्या वेळी त्यांना एक लहान अल्बम दिला, तो आमच्याकडे आहे. जॉन प्लेयर अँड सन्स या इंग्लिश सिगारेट कंपनीच्या १९३८ च्या क्रिकेटपटूंचा तो संच असून त्यात डॉन ब्रॅडमन आहेत. या कार्डांच्या पाठीला डिंक लावलेला असे आणि ती चिकटवण्यासाठी एका पेनीला अल्बम मिळे. पन्नास जागांपैकी चार रिकाम्या आहेत.

जाणकारांनी मला सांगितले की चिकटवल्यामुळे संग्राहकाच्या दृष्टीने या कार्डांचे मोल पुष्कळ उतरले आहे. ते खरे असेल. परंतु रिकाम्या चार चौकटींत आजोबांनी पेन्सिलीने त्या खेळाडूंची नावे मोडीत लिहून ठेवली आहेत. कधीतरी ती कार्डे मिळतील, असे त्यांना वाटत असणार. युद्धामुळे कागदाचा तुटवडा पडला आणि १९४० मध्ये ब्रिटनमध्ये सिगारेट-कार्डे बंद झाली, हे त्यांना कधी कळले असेल का, याचा मी अनेकदा विचार करतो. आज ती चार कार्डे परदेशातून मागवता येतात आणि महागही नाहीत. मी मागवलेली नाहीत, कारण ती चिकटवली तर आजोबांचे अक्षर झाकले जाईल.

जतनाविषयी एक सूचना करावीशी वाटते. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे आमच्या अल्बमला बुरशी लागली नाही. पण उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात कागद कडक होऊन कडेला तुटू लागला. धागा काढणाऱ्यांनी आपला डबा माळ्यावर परत ठेवू नये.

जुळे सोलापुरातून, एका आईचा अनुभव

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला पोकेमॉन कार्डांचे वेड आहे. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे दर्शन झाल्यावर त्याने एका दुकानातून सोनेरी कार्डांचा पूर्ण संच घेतला आणि तो घरी येईपर्यंत हवेत तरंगत होता. ती सारी खोटी निघाली. तो रडला, तेव्हा मी ठरवले की रागावण्यापेक्षा आपणच हे शिकून घ्यावे. खऱ्या कार्डाच्या कागदात दोन थरांमध्ये गडद थर असतो, त्यामुळे मोबाइलचा दिवा मागे धरला तर प्रकाश फारसा आरपार येत नाही. खोट्यातून तो सहज येतो. पाठीच्या निळ्या रंगाची छटा आणि अक्षरांची जाडी ताडून पाहिली की उरलेला संशयही फिटतो. आता मुलगा ही परीक्षा त्याच्या मित्रांना करून दाखवतो.

त्याला हवे असलेले कार्ड त्याला कधीच मिळणार नाही, हे त्याला माहीत आहे. त्या कार्डाचे नाव पिकाचू इलस्ट्रेटर. जपानमध्ये कोरोकोरो या मासिकाने १९९७ आणि १९९८ मध्ये मुलांच्या चित्रकला स्पर्धा घेतल्या आणि विजेत्यांना हे कार्ड दिले. अधिकृतपणे ३९ वाटली गेली. त्यावरचे चित्र अत्सुको निशिदा यांचे आहे आणि इतर कार्डांवर ‘ट्रेनर’ असते, त्या जागी ‘इलस्ट्रेटर’ हा शब्द आहे. २०२१ मध्ये त्यातल्या सर्वोत्तम प्रतीला ५२ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. मुलाला मात्र या आकड्याचे काही वाटत नाही. “आई, हे कार्ड विकत मिळतच नव्हतं, चित्र काढूनच मिळायचं,” हे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि सध्या रोज संध्याकाळी पिकाचूचे चित्र काढतो.

भवानी पेठेतून

आम्हा चार भावंडांत डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्तीतल्या मल्लांच्या ट्रम्प कार्डांचा एकच डाव होता. उंची, वजन, छाती, दंड, किती कुस्त्या खेळल्या, किती जिंकल्या यांपैकी एक आकडा पुकारायचा आणि ज्याचा मोठा, त्याने समोरच्याचे पान घ्यायचे. रँकला मात्र लहान आकडा जिंके. अशा डावात एक पान हरवले की वाटणीत एकाला पान कमी पडते आणि भांडणे सुरू होतात. आमचे अंडरटेकरचे पान वाड्याच्या मोरीतून वाहून गेले. वडील यंत्रमागावर काम करत. त्यांनी रात्रपाळीहून आल्यावर एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेनाने अंडरटेकर काढला आणि आकडे आम्हांला विचारून लिहिले. आम्ही चौघांनी मिळून आकडे थोडे वाढवून सांगितले. वडील आता नाहीत. डावातली छापील पाने कोठे गेली, कोणाला ठाऊक नाही. ते एक पान माझ्याकडे आहे आणि माझ्या दोन्ही भावांनी ते अनेकदा मागितले आहे.

पार्क मैदानाजवळून

थोडक्यात लिहितो. मी पॉली उम्रीगरांच्या छापील आठवणी जमवतो. त्यांचे बालपण सोलापुरात गेले आणि कसोटीत भारताचे पहिले द्विशतक त्यांचेच, १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. त्यांच्या खेळत्या काळातले एखादे कार्ड मला हवे आहे. वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि एक स्वाक्षरी मिळाली, कार्ड अद्याप नाही. कोणाच्या आजोबांच्या वहीत असेल तर विकत मागणार नाही, पाहायला येऊ द्यावे, एवढेच मागणे आहे.

धागा काढणाऱ्याकडून

सर्वांचे मनापासून आभार. डबा माळ्यावरून खाली आणला आहे आणि कार्डे कागदी पाकिटांत घातली आहेत. साखर पेठेतल्या भाऊंना सांगायचे म्हणजे, माझ्या डब्यात चेतन शर्मा दोन आहेत. दुसऱ्याचा एक कोपरा दुमडलेला आहे आणि मागे शाईने कोणाचा तरी हजेरी क्रमांक लिहिला आहे. चालत असेल तर रविवारी सकाळी किल्ल्याच्या बागेत भेटू. मला लिमलेटच्या गोळ्या नकोत. आपल्या डबलमध्ये किरण मोरे असतील तर तेवढे घेऊन यावे.