ॲक्सेस पॉइंटवर डब्ल्यूपीए३ खरोखर सुरू आहे का, हे बीकनवरून कसे ओळखावे?

वाचनालय_सेवक:
नमस्कार. आमच्या वाचनालयात वाचकांसाठी वायफाय आहे. ते बसवून देणाऱ्याने डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) सुरू केल्याचे सांगितले, परंतु माझ्या जुन्या फोनवर डब्ल्यूपीए२ (त्याआधीची पद्धत) दिसते. राउटरचा ॲडमिन पासवर्ड अजून आमच्या हाती आलेला नाही. केवळ सिग्नलवरून खरे काय ते कळू शकेल का?

लहरी:
कळेल, आणि त्यासाठी नेटवर्कला जोडण्याचीही गरज नाही. ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे उपकरण, इथे तुमचा राउटर) स्वतःची माहिती बीकन फ्रेम या छोट्या संदेशातून, सहसा दर १०२.४ मिलिसेकंदांनी, जाहीर करत असतो आणि ही फ्रेम एन्क्रिप्ट केलेली नसते. लिनक्स लॅपटॉपवर रूट अधिकाराने 'आयडब्ल्यू' ही कमांड वापरून स्कॅन करा. नाव आणि चॅनलच्या खाली 'आरएसएन' हा सुरक्षेच्या माहितीचा भाग दिसेल. त्यातील 'ऑथेंटिकेशन सूट्स' या ओळीत नुसते पीएसके (पासवर्ड पडताळण्याची जुनी पद्धत) असेल तर डब्ल्यूपीए२, नुसते एसएई (त्याची नवी पद्धत) असेल तर डब्ल्यूपीए३, आणि दोन्ही असतील तर राउटर मिश्र मोडवर आहे. मला ही तिसरी शक्यता अधिक वाटते, कारण एसएई न समजणारा फोन निव्वळ डब्ल्यूपीए३ असलेल्या नेटवर्कला जोडलाच जात नाही.

सह्याद्री_नेट:
त्याच भागात 'एमएफपी' शोधा. निव्वळ डब्ल्यूपीए३ असेल तर मॅनेजमेंट फ्रेमचे (जोडणी जुळवणाऱ्या-तोडणाऱ्या संदेशांचे) संरक्षण, म्हणजेच एमएफपी, 'रिक्वायर्ड' (सक्तीचे) असते, मिश्र मोडमध्ये नुसते 'कॅपेबल' (ऐच्छिक). ग्रुप सायफर (सर्वांना एकत्र जाणाऱ्या माहितीचे एन्क्रिप्शन) टीकेआयपी हा जुना प्रकार दिसला, तर फार जुन्या उपकरणांसाठी मूळ डब्ल्यूपीएही चालू ठेवलेले आहे असे समजावे. शिवाय डब्ल्यूपीएसचा (बटण किंवा पिनने झटपट जोडण्याच्या सोयीचा) वेगळा भाग बीकनमध्ये आहे का, तेही पाहाच. त्याचा ८ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने तो जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

वाचनालय_सेवक:
स्कॅन केले. पीएसके आणि एसएई दोन्ही आहेत, सायफर सीसीएमपी (टीकेआयपीपेक्षा भक्कम प्रकार) आहे, एमएफपी 'कॅपेबल' आहे आणि डब्ल्यूपीएसही सुरू आहे. बऱ्याच वाचकांचे फोन जुने असल्यामुळे मिश्र मोड ठेवावाच लागेल, पण डब्ल्यूपीएस बंद करून घेतो. बीकनमधील माहितीवर कितपत विसंबावे?

लहरी:
सेटिंग ओळखण्यापुरते जरूर विसंबावे, मात्र राउटरची ओळख पटवण्यासाठी नाही. बीकनमधील नाव आणि बीएसएसआयडी (ॲक्सेस पॉइंटचा पत्ता) या दोन्हींची नक्कल दुसऱ्या उपकरणावरून करता येते, त्यामुळे स्कॅनमध्ये आपल्याच नावाचे पण पीएसके किंवा एसएई नसलेले खुले नेटवर्क दिसले, तर त्याला जोडू नये. पासवर्ड किती भक्कम आहे किंवा फर्मवेअर (राउटरमधील सॉफ्टवेअर) किती जुने आहे, हे बीकन सांगत नाही. त्यासाठी ॲडमिन पासवर्ड आधी आपल्या ताब्यात घ्या.