सुपरवायझरला सरकारी खर्चाने एआयचं प्रशिक्षण: गरज, की आणखी एक चहा-बिस्किटाची बॅच?

वाळूजकर

आमचं युनिट वाळूज एमआयडीसीत. प्रेस शॉप आहे, दुचाकीला लागणारे ब्रॅकेट आणि क्लॅम्प बनतात. पाळ्या धरून सव्वाशे माणसं, मी क्वालिटी बघतो. गेल्या वर्षी कस्टमरच्या ऑडिटमध्ये एक नवा प्रश्न आला, ‘एआयचं तुमचं काय चाललंय?’ मालकांनी तो मनाला लावून घेतला आणि महिन्याभरात फायनल इन्स्पेक्शनला कॅमेरा बसला. पट्ट्यावरून पार्ट जातो, कॅमेऱ्याला क्रॅक किंवा बर (कडेला राहिलेली धातूची धार) दिसली की तो बाजूला ढकलतो.

पहिला आठवडा झकास गेला. दुसऱ्या आठवड्यात चांगले पार्ट ढिगाने रिजेक्ट व्हायला लागले. वेंडरने पुण्यात बसून ऑनलाइन बघितलं आणि सांगितलं, मॉडेलला अजून डेटा लागेल. इकडे गाडी गेटवर उभी. रात्रपाळीच्या सुपरवायझरने कॅमेरा बायपास केला आणि रजिस्टरला ‘ओके’ लिहिलं. त्या लॉटमध्ये क्रॅकवाले पार्ट खरंच गेले. कम्प्लेंट आली, मेमो मिळाला सुपरवायझरला. कॅमेरा घ्यायचं ठरवलं मालकांनी, आणि घेताना ‘हा चुकला तर काय करायचं’ हे विचारलं नाही मी. आम्हा दोघांना मेमो नाही.

म्हणून माझं म्हणणं: पाळी, शाखा, विभाग सांभाळणाऱ्या माणसाला पाच-सहा अर्ध्या दिवसांचं प्रशिक्षण मिळावं आणि त्याचा खर्च सरकारने करावा. चॅटबॉटला प्रश्न कसा विचारायचा हे त्यात नको, ते पोरं रील बघून शिकतात. वेंडरला काय विचारायचं ते शिकवा. चांगला पार्ट वाईट ठरतो किती वेळा आणि वाईट पार्ट चांगला म्हणून सुटतो किती वेळा, हे दोन आकडे वेगळे मागायचे. ट्रायल आपल्या पार्टवर, आपल्या उजेडात, रात्रपाळीतसुद्धा घ्यायची. बायपासचा अधिकार कोणाला आणि त्याची नोंद कुठे, हे मशीन येण्याआधी लिहून ठेवायचं. आणि ज्याचं काम बदलणार त्याला ते कधी सांगायचं.

पैशाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये २०१७ पासून ज्यांचं पगारबिल वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर आहे त्या मालकांकडून अर्धा टक्का लेव्ही, म्हणजे सक्तीची वर्गणी, घेतात आणि शिकाऊ उमेदवारीवर खर्च करतात. सिंगापूरने पंचवीस वर्षं पूर्ण केलेल्या नागरिकांच्या नावे शिकण्यासाठी ५०० सिंगापूर डॉलरचं क्रेडिट ठेवलं. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये इंडियाएआय मिशनला सुमारे १०,३७२ कोटी मंजूर झाले. त्यातल्या कौशल्याच्या भागात पदवी, पीएचडी आणि लहान शहरांतल्या डेटा लॅब आहेत, चांगलंच आहे. पण आमच्या वाळूजशेजारच्या रांजणगावात खोली करून राहणारा, डिप्लोमावाला, चाळिशीतला शिफ्ट सुपरवायझर त्यात कुठे बसतो?

फुकट_ते_पौष्टिक

साहेब, भावना पोचल्या. पण मी अशा तीन सरकारी बॅचेस करून बसलोय. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन, दुसऱ्या दिवशी पीपीटी, तिसऱ्या दिवशी बॅनरसमोर फोटो. शिकवणाऱ्या संस्थेला पैसे डोक्यामागे मिळतात, त्यामुळे डोकी मोजली की संपलं. एका बॅचला तर आमच्या कंपनीने कँटीनचा मुलगा पाठवला होता, कारण लाइनवरचा माणूस सोडणं परवडत नव्हतं. त्याचंही सर्टिफिकेट आलं. लॅमिनेट करून कँटीनमध्ये लावलंय.

तुमच्या कॅमेऱ्याची गोष्ट प्रशिक्षणाची नाहीच, खरेदीची आहे. शेवटच्या तीस टक्के पेमेंटला ‘महिनाभर रिजेक्शन अमुक टक्क्यांच्या आत’ अशी अट पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) घातली असती तर वेंडर पुण्याहून बसने आला असता. एवढ्यासाठी करदात्याचा पैसा कशाला?

वाळूजकर

कँटीनच्या पोरावर हसलो, पण वाक्य चुकवू नका: ‘माणूस सोडणं परवडत नव्हतं.’ फी माफ केल्याने लहान युनिटचं भागत नाही. सहा अर्धे दिवस माणूस बाहेर राहिला तरी त्याच्या जागी बदली माणूस लागतो, ओटी लागते. निधी द्यायचाच तर त्या तासांचा द्या. आणि पीओवर अट घालावी हे कळायला कुणीतरी आधी शिकवलेलं असावं लागतं ना? मी बीई आहे, मलाही सुचलं नाही.

लातूरची_डाळ

आमची डाळमिल हाय, दोन पिढ्यांची. तुमी ज्याला एआय म्हणायलेत तसला कॅमेरा आमच्याकडं कवाच आलाय, आमी त्याला सॉर्टेक्स म्हणतो. दाणा खाली पडता पडता कॅमेरा बघतो आन हवेच्या फुंकरीनं काळा दाणा, खडा बाहेर उडवतो. आमाला कुणी शिकवलं नाही बगा. मेकॅनिक दोन दिवस राहिला, आमच्या ऑपरेटरनं बघून घेतलं, झालं. मालात खडा निघाला तर व्यापारी भाव पाडतो, त्यापरीस मोठा मास्तर कोण? सरकारी पोऱ्या येऊन मला तूर काय शिकवणार?

निवृत्त_कामगार

डाळवाले दादा, सॉर्टेक्स यायच्या आधी डाळ निवडायला बायका असायच्या. त्यांचं काय झालं?

लातूरची_डाळ

खरं सांगायलो. अठरा होत्या, चार राहिल्या. पॅकिंगला घेतल्या. बाकीच्यांना दिवाळी करून दिली आन सांगितलं की आता काम कमी हाय. मशीन उतरवायला क्रेन आली तवा त्यांना कळलं. ते बरोबर झालं नाही, मान्य. पण ते शिकवायला कोर्स लागत नसतो, मन लागतं.

निवृत्त_कामगार

मन तर लागतंच, कायदाही लागतो. चिकलठाण्यात आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं युनियनच्या टेबलावर. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम ९ अ मला झोपेतून उठवलं तरी पाठ आहे. तंत्रात सुधारणा करताना माणसं कमी होण्याची शक्यता असेल, तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यायची. आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही २१ दिवसांची नोटीस आहे. क्रेन आली तेव्हा कळलं, ही नोटीस नव्हे.

माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. या असल्या योजनांत ‘लीडर’ म्हणजे कायम केबिनवाला. त्याला शिकवाल एआय कसं आणायचं, आणि ज्याच्यावर ते येणार त्याला शिकवाल ‘बदलाला घाबरू नका’. दर बॅचमध्ये प्रत्येक युनिटमधून सुपरवायझरबरोबर एक मशीनवरचा माणूस असेल तरच या खर्चाला माझी संमती. नाहीतर माझ्याच करातून माझ्या पोराला घरी बसवायचा क्लास चालवल्यासारखं होईल.

शाखा_सांभाळणारी

सगळे कारखान्यांबद्दलच बोलताय. मी बीड जिल्ह्यात एका पतसंस्थेची शाखा बघते. आमच्याकडे ना कॅमेरा आला ना कुणी एआय विकत घेतलं, तरी ते आत आलंच.

एका क्लार्कने थकबाकीच्या नोटिसा तयार केल्या. मराठी अशी सफाईदार की सही करताना मीच कौतुक केलं. आठवड्याने समजलं, त्याने कर्जदारांची नावं, आधार क्रमांक, थकीत रक्कम, जामीनदारांसह सगळं आपल्या फोनवरच्या फुकट चॅटबॉटमध्ये टाकलं होतं. गावातल्या माणसाची अब्रूच ती. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचला तर त्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. आमच्या अख्ख्या संस्थेच्या ठेवी तेवढ्या नाहीत!

मी काय केलं? सरसकट बंदी. सर्क्युलर काढून भिंतीवर लावलं. त्याने एवढंच झालं की आता सगळे ते संडासात जाऊन वापरतात. मला बंदी घालता येते, पण ‘हे टाका, हे टाकू नका, नावाच्या जागी अ-ब-क लिहा, आकडे स्वतः तपासा’ असा साधा नियम करता आला नाही, कारण माझी मलाच खात्री नव्हती. वरच्या ऑफिसला विचारलं तर उत्तर आलं, ‘आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा.’ म्हणून मला हा कोर्स हवाय, मराठीत हवाय, आणि संभाजीनगरला मुक्काम न करता हवाय.

फुकट_ते_पौष्टिक

ताई, तुमचं पटलं. पण तुम्ही आत्ता जे चार शब्दांत लिहिलंत तेवढंच शिकायचंय की. दोन तासांचं काम. त्याचा सहा दिवसांचा कोर्स झाला की पाच दिवस ‘एआयचा इतिहास’ ऐकायला लागेल.

शाखा_सांभाळणारी

नियम दोन तासांत कळेल. तो सात जणांच्या शाखेत चालवताना काय काय अडतं ते पंधरा दिवसांनी कळतं. म्हणून वाळूजकरांचे अर्धे-अर्धे दिवस बरे, मध्ये अंतर ठेवून.

आयटीआयवाला

मास्तर कुठून आणणार, हे कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे पूर्वीच्या ट्रेडला निदेशक नाहीत. ज्याने कूलंटचा वास घेतलेला नाही तो उभा राहून न्यूरल नेटवर्क सांगेल. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूल रूमला किंवा वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरला हे द्या, तिथे निदान मशीन समोर असतं. ताईंच्या पतसंस्थेला मात्र तिथे काही मिळणार नाही, तिची सोय वेगळी करावी लागेल.

जालना_रोलिंग

आमच्या भट्टीपुढे पारा किती चढतो ते या आणि बघा, मग एआय बोलू. पहिले विजेचा दर कमी करा.

वाळूजकर

जालना, वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

बाकीच्यांना एकत्र लिहितो. निवृत्त कामगारांची जोडीची अट मला मान्य, माझ्या डोक्यात नव्हती. फुकटरावांच्या कँटीनच्या पोरावर उपाय असा सुचतोय: संस्थेला निम्मे पैसे हजेरीवर, निम्मे तीन महिन्यांनी. तेव्हा त्या माणसाने आपल्या जागी घेतलेला एक निर्णय कागदावर दाखवायचा. ‘हे मशीन घेऊ नका असं मालकांना सांगितलं’ हाही निर्णय धरायचा.

फुकट_ते_पौष्टिक

तो कागदसुद्धा संस्थाच टाइप करून देईल. पैज लावतो. बरं, ते सोडा. कॅमेऱ्याचं पुढे काय झालं?

वाळूजकर

पार्टवर तेल राहत होतं. पावसाळी हवेत वॉशिंगनंतर नीट वाळत नव्हतं आणि दुपारी शटरमधून ऊन आलं की ते चमकायचं, कॅमेऱ्याला ती चमक क्रॅक वाटायची. हे शोधलं पट्ट्यावर पार्ट लावणाऱ्या कंत्राटी पोराने, वेंडरने नाही. त्याने स्वतःच पुठ्ठा आडवा धरून दाखवला. आता तिथे पत्र्याचा टोप केलाय आणि आधी एअर गन मारतो. दिवसपाळीत ठीक चाललंय. रात्री ट्यूब फडफडली की अजून गोंधळ होतो, तेव्हा दोन माणसं डोळ्यांनी बघतात.

निवृत्त_कामगार

आणि सुपरवायझरचा मेमो?

वाळूजकर

फाइलला आहे अजून. सोमवारी मालकांशी बोलतो.