‘रिस्टोअर्ड कंटेंट’ला मराठीत काय म्हणावे?

सांजवात : वेस्टवुड स्टुडिओजच्या 1997 सालच्या ‘ब्लेड रनर’ या साहसी गेमवर लेख लिहीत आहे. गेम तयार होत असताना काही संवाद वगळले गेले, पण त्यांचे ध्वनिमुद्रण चार सीडींवर तसेच पडून राहिले. मूळ सोर्स कोड हरवलेला असल्याने, जुने गेम आजच्या संगणकांवर चालवणाऱ्या ‘स्कमव्हीएम’ या प्रणालीच्या स्वयंसेवकांनी तयार गेमवरून त्याचे इंजिन उलगडून नव्याने लिहिले. 2019 च्या 2.1.0 आवृत्तीपासून तो गेम स्कमव्हीएमवर चालतो, आणि वगळलेला भागही आता त्यात खेळता येतो. ‘रिस्टोअर्ड कंटेंट’ म्हणजे हाच परत घातलेला भाग; त्याला मी ‘जीर्णोद्धारित आशय’ म्हटले, त्यावर मुद्रितशोधकांनी काट मारली. दुसरा शब्द सुचवावा.

तगर : काट योग्यच आहे. जीर्ण होण्यासाठी वस्तू आधी वापरात असावी लागते. हे संवाद तर खेळाडूंच्या कानी पडलेच नव्हते. ‘पुनःस्थापित’ लिहावे. ‘पुनर्स्थापित’ मात्र नको, कारण पुढे ‘स’ असता विसर्गच राहतो.

खडूफळा : संधीचा एवढा आग्रह धरला, तर ‘पुनर्रचना’ही सोडावी लागेल, कारण संस्कृत नियमाने तिथे ‘पुनारचना’ होते. 1953 च्या राज्य पुनर्रचना आयोगाचे नाव कुणी बदलले नाही आणि बदलूही नये. माझा आक्षेप ‘आशया’ला आहे. आशय म्हणजे मथितार्थ. इथे नुसता ‘भाग’ पुरे. मी ‘गाळीव भाग’ म्हणेन.

तगर : ‘गाळीव’ने अर्थ उलटा होईल. गाळलेला शब्द म्हणजे सुटलेला शब्द, पण गाळलेले पाणी म्हणजे गाळण्यातून खाली उतरलेले, आपण ठेवून घेतलेले पाणी. ‘गाळीव’ हे विशेषण या दुसऱ्या अर्थाकडे झुकते. आमच्या आजीच्या तोंडी ‘गाळीव तूप’ होते, ते बेरी काढलेले तूप.

पोथीवाला : पाठचिकित्सेच्या, म्हणजे हस्तलिखिते ताडून मूळ पाठ ठरवण्याच्या शास्त्राच्या, परिभाषेकडे कुणीच वळले नाही, याचे नवल वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा वगळलेले श्लोक फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत दिले. स्कमव्हीएमही मूळ गेम आणि वाढीव भागासहित गेम असे दोन वेगळे पर्याय देते, म्हणजे शिस्त तीच आहे. ‘परिशिष्ट पाठ’ म्हणावे.

खडूफळा : दिशा मात्र उलट आहे. भांडारकरच्या संपादकांनी नंतरच्या हातांनी घातलेले बाजूला काढले. इथे कर्त्यांनी स्वतः काढलेले चाहते परत घालत आहेत. कर्त्याने विचारपूर्वक काढलेला संवाद असेल, तर त्याला ‘पुनःस्थापित’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कसा पोहोचतो?

पोथीवाला : विचारपूर्वक काढला की वेळ संपली म्हणून राहिला, हे ध्वनिफीत ऐकून ठरत नाही. तसे कर्त्यांचे म्हणणे नोंदलेले नसेल तिथे ‘वगळलेला’ हे क्रियापदही जपून वापरले पाहिजे.

सांजवात : लेखात ‘मूळ संहिता’ असाही शब्द आहे. या गेममध्ये काही पात्रे रेप्लिकंट (हुबेहूब माणसासारखे कृत्रिम जीव) आहेत की माणसे, हे प्रत्येक नव्या खेळात नव्याने ठरते, आणि त्यानुसार गेमचा नायक डिटेक्टिव्ह मॅकॉय याच्या वाट्याला येणारे संवाद बदलतात. मग तिथे ‘संहिता’ एकवचनी ठेवावी का?

तगर : अनेकवचनी ठेवावी. पण ‘संहिता’चे अनेकवचन तेच राहते, त्यामुळे क्रियापदावरूनच ते दाखवावे लागेल.