निकॉन झेड 8 नवीन घेतला आहे. ताडोब्याला जाण्यापूर्वी त्यावर हात कसा बसवावा?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. बरीच वर्षे मी जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर 70-300 मिमीची लेन्स लावून घराच्या आसपासचे पक्षी टिपत आले आहे. निवृत्तीच्या रकमेतून थोडे पैसे बाजूला काढून आता निकॉन झेड 8 आणि त्याबरोबर 180-600 मिमीची लेन्स घेतली आहे. एप्रिलमध्ये ताडोब्याला मोहर्ली प्रवेशद्वारातून सफारी ठरलेल्या आहेत, म्हणजे सरावाला जेमतेम दोन-अडीच महिने हाताशी आहेत.

अडचण अशी की या कॅमेऱ्याचा मेनू उघडला की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही आणि यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळेच सेटिंग सांगतो. घाटावर बसलेल्या खंड्याचे छायाचित्र उत्तम येते. तोच उडाला की एकतर तो पुसट येतो, नाहीतर फोकस मागच्या लव्हाळ्यावर जाऊन बसतो. सुरुवातीला नेमके काय बसवून घ्यावे आणि जिप्सीत ट्रायपॉड न्यावा की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पळसबन, पुणे

ताई, अभिनंदन. मेनूतल्या बहुतेक गोष्टींना सध्या हातच लावू नका. शटरचा वेग, फोकसचे क्षेत्र आणि उजेडाची भरपाई या तीन गोष्टी डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता बदलता आल्या पाहिजेत. ते जमले की बाकीचे आपोआप सुचत जाते.

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) मात्र ऑटोवर, कमाल मर्यादा 12800. अॅपर्चर (लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे ठेवा; आपल्या लेन्सवर 600 मिमीला ते एफ/6.3 असते. मग आपल्या हातात फक्त शटर उरते. बसलेल्या पक्ष्याला 1/500 सेकंद पुरते, चालत्या जनावराला 1/640 ते 1/800, उडत्या पक्ष्याला किमान 1/2500 आणि खंड्यासारखा सूर मारणारा पक्षी असेल तर 1/3200. एवढा वेग ठेवला की सकाळच्या उजेडात आयएसओ 3200 किंवा 6400 पर्यंत चढतो आणि नव्या माणसाला त्याचीच धास्ती वाटते. ती बाळगू नका. आयएसओमुळे आलेले दाणे संगणकावर बरेच कमी करता येतात, पण हललेला पक्षी कोणत्याही सॉफ्टवेअरने स्थिर होत नाही. आपला उडता खंड्या पुसट येण्याचे कारण बहुधा हेच असावे.

लव्हाळ्याचा प्रश्न फोकसच्या क्षेत्राचा आहे. आपण पूर्ण चौकट कॅमेऱ्यावर सोपवली असेल, तर गवत, काड्या, पाण्यावरची चमक यांतले जे ठळक आणि जवळचे असेल ते तो पकडू शकतो. पूर्ण चौकट मोकळ्या आकाशातल्या पक्ष्यासाठी ठेवा. झाडोऱ्यात लहान वाइड-एरिया चौकोन घ्या आणि पक्षी एकदा पकडला गेला की थ्री-डी ट्रॅकिंगवर, म्हणजे पक्षी चौकटीत हलेल तसा फोकस त्याच्यामागे जाणाऱ्या पद्धतीवर, जा. या दोहोंतले एक एएफ-ऑन बटणावर आणि दुसरे कॅमेऱ्याच्या पुढच्या एफएन बटणावर नेमून द्या, म्हणजे अंगठा आणि बोट यांतच निवड होते. शटरच्या बटणावरून फोकस काढून टाका. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या 2.00 या फर्मवेअरपासून (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरपासून) झेड 8 मध्ये पक्ष्यांसाठी स्वतंत्र ओळख-पर्याय मिळतो. आपल्या कॅमेऱ्यात ते आहे का, हे आधी पाहा. शिवाय लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारी कळ आहे. ती 6 मीटर ते अनंत यावर ठेवली की लेन्स उगाच जवळपर्यंत चाचपडत येत नाही.

उजेडाच्या भरपाईचे गणित मिररलेसमध्ये, म्हणजे झेड 8 सारख्या आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, सोपे झाले आहे, कारण चित्र कसे येणार ते व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसते. पांढऱ्या बगळ्याला साधारण एक स्टॉप (उजेड निम्मा किंवा दुप्पट करणारी एक पायरी) कमी करा, उजळ आकाशापुढच्या काळ्या कोतवालाला एक स्टॉप वाढवा.

सरावासाठी वेडा राघू निवडा. तो तारेवरून झेपावतो, हवेत किडा पकडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येतो, त्यामुळे पुढची झेप कुठून निघणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. पक्षी 600 मिमीवर शोधत बसू नका. 200 च्या आसपास त्याला चौकटीत घ्या, फोकस धरा आणि मग झूम वाढवा. ही लेन्स झूम करताना लांबीला वाढत नाही, त्यामुळे हातातला तोल ढळत नाही. सागरेश्वर अभयारण्यही आपल्याला जवळ आहे. तिथल्या गवतातली चितळे आणि काळविटे म्हणजे ताडोब्याआधीची चांगली तालीम होईल.

इरई, चंद्रपूर

वरच्या उत्तराशी सहमत आहे, म्हणून फक्त ताडोब्यापुरते लिहितो. ट्रायपॉड आणू नका, कारण जिप्सीत तो उभा करायला जागा नसते आणि खाली उतरण्यास मनाई असते. जाड कापडाची बीन-बॅग रिकामी आणा आणि इथे पोहोचल्यावर तांदूळ किंवा मूग अर्ध्यापेक्षा थोडे जास्त भरा. गच्च भरलेल्या पिशवीवर लेन्स घसरते. सैल पिशवीत ती खोबण करून बसते. वाघ दिसल्यावर गाडी थांबली, तरी इंजिन चालू असेल तर त्याची थरथर दांड्यातून लेन्सपर्यंत येते, म्हणून चालकाला आधीच विनंती करून ठेवावी.

एप्रिलमध्ये पारा 40 च्या वर जातो आणि नव्या कॅमेऱ्याच्या मालकांना सर्वांत जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट इथेच घडते. साधारण नऊ वाजले की तापलेल्या जमिनीवरची हवा लहरू लागते. तलावाच्या पलीकडच्या काठावर बसलेला वाघ 600 मिमीवर टिपला, तर पट्ट्यांच्या कडा विरघळल्यासारख्या येतात आणि माणूस लेन्सला दोष देऊ लागतो. त्यावर कोणतेही सेटिंग नाही. अशा वेळी झूम मागे घ्यावा आणि पाणी, वाळकी झाडे, त्यात छोटासा दिसणारा वाघ असे जंगलासकट चित्र घ्यावे. माझ्या मते ताडोब्याची खरी ओळख अशाच चित्रांत उतरते, नुसत्या चेहऱ्यांत नाही. जवळची चित्रे पहिल्या दोन तासांत मिळवा.

सागवानाची पाने तोवर गळलेली असतात, त्यामुळे आतपर्यंत नजर जाते, पण फांद्यांच्या सावल्यांचे पट्टे अंगावर पडतात आणि फोकसची गडबड होते. तिथे लहान चौकोनच उपयोगी पडतो. वाघ रस्त्यावरून चालत येत असेल तर त्याच्या मागे गाडी धाडण्यापेक्षा तो कुठे रस्ता ओलांडेल याचा अंदाज गाइडकडून घेऊन पुढे थांबावे. सांबराचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावरचे ओरडणे, ऐकू आला तर तो गांभीर्याने घ्या. चितळ पुष्कळदा लहानसहान कारणानेही ओरडते. वानर झाडावर ज्या दिशेला तोंड करून ओरडते आहे, त्या दिशेला लेन्स रोखून ठेवा. शटर आधीच 1/800 वर असू द्या, कारण वाघ बाहेर आल्यावर आकडे फिरवायला वेळ मिळत नाही.

लेन्स जंगलात बदलू नका. धूळ फार बारीक असते. दोन चित्रांच्या मध्ये कॅमेऱ्यावर पंचा टाकून ठेवा. मंगळवारी उद्यान बंद असते, हे प्रवास आखताना ध्यानात असू द्या.

कृष्णाकाठ, सांगली

दोघांचे मनापासून आभार. फर्मवेअर जुनेच होते, ते अद्ययावत केले आणि सांगितल्याप्रमाणे दोन बटणे नेमली. आज सकाळी घाटाजवळच्या तारेवर वेडा राघू चतुर घेऊन बसला आणि गिळण्याआधी त्याने तो तारेवर दोन्ही बाजूंनी आपटला. 1/2500 ला त्याचा लालसर डोळा आणि चतुराच्या पंखावरची जाळी दोन्ही स्वच्छ आले आहेत. मला फार आनंद झाला.

आता दोन शंका. हा कॅमेरा सेकंदाला 20 रॉ (सेन्सरची मूळ माहिती जपणारी, मोठ्या फाइलची) चित्रे घेतो आणि कार्ड बघता बघता भरते, त्याचे काय करावे? दुसरे असे की त्याच काठावर मातीच्या कड्यात या राघूंची बिळे दिसत आहेत. तिथे बसून चित्रे घेतली तर चालतील का?

आंबाघाट, रत्नागिरी

बिळांजवळ बसू नका, ही कळकळीची विनंती आहे. फेब्रुवारीपासून पुढे त्यांचा विणीचा काळ असतो. चोचीत किडा घेतलेला राघू तारेवर बसून राहिला आणि बिळाकडे जात नसेल, तर आपण फार जवळ आहोत असे समजावे आणि लगेच मागे सरावे. तेवढ्या वेळात आतली पिल्ले उपाशी असतात. झेड 8 ला यांत्रिक शटरच नाही, त्यामुळे शटरचा कृत्रिम आवाज बंद केला की तो जवळजवळ आवाजच करत नाही, पण पक्ष्याला आपण दिसतोच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणे शिकारीतच मोडते, हेही आपल्या ओळखीच्या छायाचित्रकारांना सांगावे. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.

पावसाळ्यापूर्वी लेन्स ठेवायला 40 ते 50 टक्के आर्द्रता राखणारी पेटी घ्या. कोकणात बुरशीने लेन्स गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि सांगलीतही ऑगस्टमध्ये हवा कोरडी नसते.

पळसबन, पुणे

कार्डाबद्दल: बसलेल्या जनावरासाठी वेग सेकंदाला पाचवर आणा, 20 चा वेग झेपेसाठी, भांडणासाठी, पिल्लांच्या खेळासाठी राखून ठेवा. रॉ चित्रांसाठी ‘हाय एफिशियन्सी’ आणि तारांकित ‘हाय एफिशियन्सी’ असे दोन पर्याय आहेत. त्यांतला तारांकित घ्या. फाइल बरीच लहान होते आणि फरक डोळ्यांना जाणवत नाही. चित्रे सीएफएक्स्प्रेस टाइप बी कार्डावर घ्या. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी चित्रे लिहिली तर एसडी कार्डाचा संथपणा कॅमेऱ्याला अडवतो.

राघूची झेप अचूक पकडायची असेल तर बटण दाबण्याआधीच्या एक सेकंदापर्यंतची चित्रे साठवणारी सोय वापरून पाहा. ती फक्त जेपेगमध्ये चालते, त्यामुळे सरावानंतर कॅमेरा परत रॉवर आणायला विसरू नका. जादा बॅटऱ्या किमान दोन घ्या, कारण मिररलेसमध्ये व्ह्यूफाइंडर सतत चालू राहतो आणि चार तासांच्या सफारीत एक बॅटरी सहज संपते.