वायफायच्या सेटिंगमधलं ‘दृढीकरण’ मराठीत चालेल का?

निपाणी: राउटरसोबत द्यायचं माहितीपत्रक मराठीत करतोय. ऑथेंटिकेशनला (जोडणारा खरा आहे का, हे तपासणं) कन्नडमध्ये ‘दृढीकरण’ म्हणतात, एन्क्रिप्शनला (मजकूर इतरांना वाचता येणार नाही असा करणं) ‘गूढलिपीकरण’. हेच घेऊ, की दोन्हींना मिळून ‘सुरक्षा’ लिहू?

बेळगाव: ‘दृढीकरण’ नको. कन्नडात ‘खरेपणाची खात्री’ हा अर्थ रुळलाय, पण मराठी वाचणाऱ्याला ते ‘मजबुती’ वाटेल आणि तो एन्क्रिप्शनच समजेल. ‘प्रमाणीकरण’ही नको, ते आपण भाषेच्या, मापांच्या बाबतीत वापरतो. सरळ ‘ओळख पटवणे’ लिहा. एन्क्रिप्शनला ‘कूटलेखन’. नुसतं ‘कूट’ नको, आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट आधी आठवतं.

खानापूर: दोन्हींना मिळून ‘सुरक्षा’ तर अजिबात नको. रेल्वे स्थानकावरचं मोफत वायफाय बघा: मोबाइल नंबर टाका, ओटीपी द्या, ओळख पटली. पण त्या नेटवर्कला पासवर्ड नसेल तर हवेतून जाणाऱ्या मजकुरावर वायफायचं कूटलेखन शून्य. ओटीपी मागितला म्हणजे सुरक्षित, असं लोक धरून चालतात.

घरी या दोन्हींचा घोळ होतो कारण डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीमध्ये एकच पासवर्ड दोन्ही कामं करतो. ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून आकडेमोडीच्या ४०९६ फेऱ्यांनी २५६ बिटांची किल्ली बनते. तिच्यावरूनच ओळख पटते आणि तिच्यातूनच प्रत्येक जोडणीची वेगळी किल्ली निघते. जोडणीवेळची देवाणघेवाण कुणी टिपली, तर तो नंतर निवांत बसून पासवर्डचे अंदाज ताडून बघू शकतो. एईएस, म्हणजे कूटलेखनाची पद्धत, फुटलेली नसते, पासवर्ड ‘१२३४५६७८’ असतो म्हणून सापडतो. २०१८ च्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही वाट बंद केली आहे.

निपाणी: मग पासवर्डला ‘परवलीचा शब्द’ लिहू ना?

बेळगाव: मला तो शब्द आवडतो, पण इथे फसवतो. परवलीचा शब्द पहारेकऱ्याला उच्चारून सांगायचा असतो. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड हवेतून जातच नाही, तो ठाऊक असल्याचा पुरावा तेवढा जातो. ‘पासवर्ड’च ठेवा, सगळ्यांना कळतो.

खानापूर: शिवाय ओळख माणसाची पटत नाही, पासवर्ड ठाऊक असल्याची पटते. भाडेकरू खोली सोडून गेला की पासवर्ड बदलून घरातला प्रत्येक फोन पुन्हा जोडावा लागतो. कॉलेजात रेडियस सर्व्हर (प्रत्येकाचं खातं तपासणारा संगणक) असेल तर प्रत्येकाचं खातं वेगळं, एकाचंच बंद करता येतं. तिथे ‘ओळख’ हा शब्द पुरा लागू पडतो.

डब्ल्यूपीएसच्या (पासवर्ड न टाकता वायफाय जोडण्याची सोय) ‘पिन’बद्दलही एक ओळ घाला. आकडे ८ दिसतात, पण शेवटचा पडताळणीचा असतो आणि उरलेले ४ व ३ असे दोन तुकड्यांत तपासले जातात. म्हणजे जास्तीत जास्त १०,००० + १,००० = ११,००० प्रयत्न. बंदच ठेवायला सांगा.

निपाणी: मसुदा असा करतो: ‘ओळख पटवण्याची पद्धत: डब्ल्यूपीए२-पीएसके (सगळ्यांना एकच पासवर्ड). कूटलेखन: एईएस.’

बेळगाव: उत्तम. खाली जोडा: ‘टीकेआयपी (कूटलेखनाची जुनी पद्धत) निवडू नये, वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवल्यास जुना प्रिंटर जोडला जाणार नाही, तेव्हा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र पर्याय घ्यावा.’