डॉक्टर ईएमआर वापरतच नाहीयेत, काय करू? (मदत हवी आहे)

घोडबंदरचा_मन्या:
नमस्कार मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. हॉस्पिटलमध्ये ईएमआर (पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवायचं सॉफ्टवेअर) घेऊन सहा महिने झाले, भरपूर पैसे मोजले, ट्रेनिंग झालं, नारळ फोडून झाला आणि डॉक्टर लोक अजून कागदावरच खरडतात. सर्क्युलर काढलं, विनवण्या केल्या, मालक मीटिंगमध्ये ओरडून झाले. सिनियर लोक तर लॉगिन पण करत नाहीत. पुढच्या महिन्यात एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाची तपासणी) आहे आणि मला विचारतायत तू करतोस काय. डॉक्टरांना वापरायला लावायचं कसं? लवकर सांगा, सोमवारी मीटिंग आहे.

टेंभीनाका:
बेड किती? ओपीडीत अडलंय की आयपीडीत (ॲडमिट पेशंटांकडे)? डॉक्टर पगारी की व्हिजिटिंग? घरात लाईट नाही म्हणून फोन करायचा आणि घर कुठे ते सांगायचं नाही, असं झालं हे.

वाशीकर_काका:
डॉक्टरांच्या अक्षराबद्दल न बोललेलंच बरं. औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा असा नियम २०१६ मध्येच आला. आमचे सेक्टर ९ मधले डॉक्टर अजून मुंगी शाईत बुडवून सोडल्यासारखं लिहितात आणि केमिस्ट ते धडाधड वाचतो, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

घोडबंदरचा_मन्या:
५० बेड, ओपीडी आयपीडी दोन्ही. सॉफ्टवेअर चांगलं आहे, ते सोडा. माणसं ऐकत नाहीत हा प्रॉब्लेम आहे.

आयटीतला_बापू:
सोपं आहे. एंट्री नाही तर व्हिजिट चार्ज नाही. बिलिंगला जोडून टाका, आठ दिवसांत सगळे टायपिंग शिकतात. आमच्या कंपनीत टाइमशीट असंच सुरू झालं, पगार अडकल्यावर ज्यांना ईमेल येत नव्हता ते पण भरायला लागले.

डॉ_कळवा:
बापू, करून बघाच. घोडबंदरला एका रांगेत किती हॉस्पिटलं आहेत मोजलीत का? व्हिजिटिंग सर्जनचे पैसे अडवलेत तर तो पुढच्या महिन्यापासून पेशंट दोन सिग्नल पुढे ॲडमिट करेल. पगारी माणसाला नियम लावता येतो, जो स्वतः पेशंट घेऊन येतो त्याला मालक पण सर म्हणतात.

मन्या, मी फिजिशियन, तीन हॉस्पिटलांत जातो आणि तीन ठिकाणी तीन सॉफ्टवेअर. तिन्हींचे पासवर्ड वेगळे, एकात ओटीपी येतो आणि आयसीयू बेसमेंटला, तिथे मोबाईलला रेंज नाही. कागदावर "सीएसटी, ऑर्डर रिपीट" (म्हणजे आहे तीच ट्रीटमेंट चालू ठेवा) लिहायला दहा सेकंद लागतात, स्क्रीनवर तेच करायला चार ड्रॉपडाउन. सकाळच्या राउंडला बारा पेशंट धरा आणि करा हिशोब. बरं, एवढं करून मला काय मिळतं? टीपीएची (विम्याचे क्लेम बघणारी कंपनी) क्वेरी पटकन सुटते, त्याचा फायदा बिलिंगला. ऑडिटला कागद लगेच सापडतो, त्याचा फायदा एमआरडीला, म्हणजे रेकॉर्ड विभागाला. मिनिटं मात्र माझी. वय बिय काही नसतं हो, आमचे पासष्टीचे सर व्हॉट्सॲपवर एक्सरे बघून मत देतात. तुमच्या सिस्टीमवर मागच्या ॲडमिशनचं क्रिॲटिनीन (किडनीची रक्ततपासणी) एका क्लिकमध्ये दिसत असेल तर मीच शोधत येईन कॉम्प्युटर कुठाय म्हणून. दिसतं का?

आयटीतला_बापू:
म्हणजे डॉक्टर सोडून सगळ्या जगाने बदलायचं. बँकेतल्या लोकांनी पण हेच रडगाणं गायलं होतं.

डॉ_कळवा:
बँकेत समोरच्या माणसाला दम लागलेला नसतो. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने सरकारने ईएमआरसाठी पैसे दिले, मग नाही वापरलं तर पैसे कापले, म्हणून तिथे लागलं सगळीकडे. आणि २०१६ च्या तिथल्या एका अभ्यासात पेशंटसमोरच्या दर एका तासाला कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामाचे जवळपास दोन तास निघाले. तुमच्या टाइमशीटला लागतात का हो दोन तास?

नेरूळची_पल्लवी:
हाय, मी हॉस्पिटल मॅनेजमेंट करतेय आणि माझा प्रोजेक्ट सेम याच विषयावर आहे!! फ्रेड डेव्हिसचं १९८९ चं मॉडेल बघा, नवं तंत्रज्ञान वापरायचं की नाही ठरवताना माणूस दोनच गोष्टी बघतो, याचा मला उपयोग आहे का आणि हे वापरायला सोपं आहे का. २००३ मध्ये वेंकटेश वगैरेंनी त्यात अजून दोन घातल्या, आजूबाजूचे वजनदार लोक काय म्हणतात आणि वापरायला सोयी आहेत का. गूगल फॉर्म आहे, तुमच्या डॉक्टरांकडून भरून मिळेल का प्लीज, फक्त ४२ प्रश्न आहेत.

टेंभीनाका:
जे लॉगिन करत नाहीत ते ४२ प्रश्न भरणार.

सिस्टर_ऐरोली:
मन्या दादा, कॉम्प्युटर ठेवलेत कुठे ते सांगा आधी. आमच्याकडे पण हेच चाललं होतं, नंतर राउंडच्या ट्रॉलीवर लॅपटॉप आला आणि सर बोलतील तसं आरएमओ (वॉर्डमधला ड्युटी डॉक्टर) तिथेच टाकायला लागला, सर फक्त बघून ओके करतात. तेवढ्याने बरंच झालं.

खारघर_३५:
आभा कार्ड (सरकारी डिजिटल हेल्थ आयडी) काढायचं होतं आईचं, आधारचा ओटीपी जुन्या नंबरवर जातोय. कुणाला माहितीय का काय करायचं?

वाशीकर_काका:
आधी आधार केंद्रात जाऊन मोबाईल नंबर बदला, मग १४ आकडी आभा नंबर मिळेल. सकाळी लवकर जा, टोकन संपतात.

घोडबंदरचा_मन्या:
ओ, धागा माझा आहे. कॉम्प्युटर नर्सिंग स्टेशनला आहेत, मजल्याला दोन, त्यातला एक बिलिंगचा. आणि एंट्री अगदीच होत नाही असं नाय, रात्री आरएमओ कागदी फाईलवरून सगळं टाकतात. फाईल ठेवायलाच लागते, मालकांनी सांगितलंय की कोर्टबिर्टाची भानगड झाली तर कागद हवा.

सिस्टर_ऐरोली:
म्हणजे दोन्हीकडे लिहायचं?? हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही सांगितलंत!

डॉ_कळवा:
झालं, इथेच आहे सगळं. एकच गोष्ट दोनदा लिहायला लावलीत तर मी पण कागदावरच लिहीन, कारण सिस्टर औषध कागद बघून देते. तुमचा स्क्रीन कुणी वाचतच नाही, मग भरायचा कुणासाठी?

आणि आरएमओ रात्री कुणाच्या लॉगिनने टाकतात? सरांच्या पासवर्डने ना? मग ऐका. सकाळी दहाचा राउंड, एंट्री रात्री दीडची, नाव सरांचं आणि सर त्या वेळी घरी झोपलेले. उद्या केस झाली तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. कागद राहिला बाजूला, तुमचं कॉम्प्युटरच तुम्हाला अडकवेल.

टेंभीनाका:
मालकांना सांग की इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डला २००० च्या आयटी कायद्यापासून मान्यता आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत पण इनडोअर रेकॉर्ड ३ वर्षं ठेवा, मागितलं तर ७२ तासांत द्या हे आहे आणि रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आणायचा प्रयत्न करा असंही लिहिलंय. बॅकअप आणि ज्याचं त्याचं लॉगिन मात्र नीट हवं, तरी एकदा वकिलाला विचारून घ्या. आणि एनएबीएचला ईएमआर लागतोच असं कुठेय? नोंद वाचता आली पाहिजे, तारीख, वेळ, सही पाहिजे, कागद चालतो. डिजिटल हेल्थचं स्टँडर्ड वेगळं आहे, २०२३ चं. तुम्ही नक्की कशासाठी अर्ज केलाय?

घोडबंदरचा_मन्या:
साधंच. बघतो पुन्हा.

आयटीतला_बापू:
मी अजून म्हणतो पैसे अडवा.

घोडबंदरचा_मन्या:
अपडेट. मीटिंग झाली. वकिलांना फोन लावला, त्यांनी टेंभीनाकाचंच सांगितलं, तरी मालक पूर्ण हॉस्पिटलला तयार नाहीत. तिसऱ्या मजल्यावर महिनाभर कागद बंद, ड्रग चार्ट स्क्रीनवरच, आणि ट्रॉलीला एक लॅपटॉप. आरएमओंना स्वतःचे लॉगिन दिले, त्यावर एक मॅडम म्हणाल्या आता चूक झाली तर माझं नाव येणार का, मी गप्प बसलो. ते क्रिॲटिनीनचं व्हेंडरला विचारलं, लॅब जोडलेलीच नाहीये म्हणे, त्याचे पैसे वेगळे.

डॉ_कळवा:
आणि मला म्हणालात सॉफ्टवेअर चांगलं आहे, ते सोडा.

खारघर_३५:
काका, आधार केंद्रात गेले होते, सर्व्हर डाऊन. उद्या परत जाते.