छोट्या वेधशाळेत लोकांसाठी आकाशदर्शन ठेवायचंय, सल्ला हवाय

गच्चीवरचा
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात आमचं तालुक्याचं गाव आहे, तिथल्या वाचनालयाच्या गच्चीवर आम्ही पाच-सहा जणांनी मिळून पत्र्याची सरकती शेड बांधलीय, आत ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, फोकल लेंग्थ म्हणजे नाभीय अंतर १२०० एमएम), एक जुनी ७० एमएमची दुर्बीण आणि १०×५० ची एक द्विनेत्री. वेधशाळा म्हणणं म्हणजे जरा जास्तच होतंय पण बोर्ड तसाच लावलाय :)
आत्तापर्यंत आपापलं बघत होतो. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच व्हॉट्सॅपवर टाकलं की शनिवारी या, आकाश दाखवतो. वाटलं वीस-पंचवीस येतील तर आले दीडशेच्या वर, आणि आम्ही हौसेने यादी केलेली शनी, कृत्तिका, देवयानी, अजून दोन तारकागुच्छ... रांग जिन्यातून खाली रस्त्यापर्यंत, वर पोरं उड्या मारतायत म्हणून स्लॅब हलतोय, स्लॅब हलला की शनी हलतोय, आणि एक काका पाऊण तास थांबून डोळा लावून म्हणाले "काही दिसत नाही, काळं आहे सगळं". खरंच काळं होतं, शनी कधीच सटकला होता. आणि ज्यांना दिसला ते म्हणाले कडं कुठाय?
२७ डिसेंबरला (२०२५) परत ठेवलंय, शनिवार आहे. रांग कशी सांभाळायची, काय दाखवायचं, पैसे घ्यायचे का, जे सुचेल ते सांगा. शिव्या घातल्यात तरी चालेल.

पुणेरी_भिंग
शिव्या नाही, गणित घालतो. दीडशे माणसं, एकाला ४० सेकंद (पायरी चढणे, डोळा सापडणे, "अय्या" म्हणणे, उतरणे, सगळं धरून, हे फार कंजूषपणे धरलंय), म्हणजे ६००० सेकंद, १०० मिनिटं. एका वस्तूला. तुम्ही पाच ठेवल्यात. आता तुम्हीच सांगा.
एका दुर्बिणीला एका रात्रीत एक वस्तू, फार तर दोन. हे मान्य करायला मला चार वर्षं लागली, आपल्याला वाटतं लोक एवढे आलेत तर सगळं दाखवू, पण आलेल्याला पाच गोष्टी नको असतात, एक नीट हवी असते.
दुसरं, तुमचा शनी का सटकला. तुम्ही १० एमएमची आयपीस (डोळा लावतो ते बदलता येणारं भिंग) लावली असणार. १२०० भागिले १० म्हणजे १२० पट, साध्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसमधून जेमतेम अर्ध्या अंशाच्या आत, २६ कलांचं क्षेत्र दिसतं (६० कला म्हणजे एक अंश, ६० विकला म्हणजे एक कला). पृथ्वी फिरते म्हणून तारा सेकंदाला १५ विकला सरकतो, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेदोन मिनिटं, आणि तुम्ही मधोमध आणून ठेवलात तर बाहेर जायला ५०-५२ सेकंद. एक माणूस झाला की गेला! २५ एमएम लावा, ४८ पट, चार मिनिटांच्या वर मिळतात. चंद्र त्यात अख्खा मावतो. शनी लहान दिसेल पण दिसेल तरी. आणि दर तीन माणसांमागे तुमच्यातल्या कुणीतरी स्वतः डोळा लावून बघायचं, लोकांना विचारायचं नाही दिसतंय का म्हणून, लोक लाजेखातर हो म्हणतात.

अवकाळी
+१०० शेवटच्या वाक्याला. मी स्वतः कॉलेजात असताना एका कार्यक्रमात "हो हो मस्त दिसतंय" म्हणून आलेय, नंतर कळलं झाकणच काढलं नव्हतं.

गच्चीवरचा
१० एमएमच होती. कसं ओळखलंत :(

मूळ_नक्षत्र
तारखेबद्दल माझं मत वेगळं आहे. २७ ला चंद्र आहे, जवळजवळ अर्धा. गावाकडे एवढं काळं आकाश मिळतंय तर अमावास्येजवळचा शनिवार घ्या ना, २० तारीख. देवयानीची दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसेल, २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे तो, ते सोडून चंद्र काय दाखवायचा, तो तर रोजच दिसतो.

पुणेरी_भिंग
मूळभाऊ, तुमच्यामाझ्यासाठी अमावास्या. लोकांसाठी शुद्ध पंचमी ते दशमी, डोळे झाकून. देवयानी ८ इंचीतून कशी दिसते हे आपल्याला माहितीय, राखाडी धुकट डाग. मोबाइलवर रंगीत भोवरा बघून आलेल्या माणसाला तो डाग दाखवला की तो दुर्बिणीकडे नाही, आपल्याकडे संशयाने बघतो. चंद्राच्या प्रकाश-अंधाराच्या सीमेवरची विवरं मात्र ज्याला काहीच माहीत नाही त्यालाही कळतात, थिऑफिलस नावाच्या विवराच्या मधोमध डोंगर उभा दिसला की आपोआप तोंडातून काहीतरी निघतं. पौर्णिमेला हेच सगळं सपाट होतं, सावल्याच नसतात. म्हणून कोजागरीला दूध प्यावं, दुर्बीण काढू नये.
२७ ची निवड उत्तम आहे. चंद्र अष्टमीच्या आसपासचा, शनी त्याच्या अगदी शेजारी, दोन्ही संध्याकाळी सातला जवळपास डोक्यावर. गुरू तेव्हा नुकताच पूर्वेला उगवत असेल, साडेआठनंतर बघण्यासारखा होईल. त्याची प्रतियुती (आपल्याला सूर्याच्या बरोबर समोर येणं) १० जानेवारीला आहे म्हणजे सध्या मोठा आणि झळझळीत आहे. सात ते साडेआठ चंद्र, नंतर गुरू. झालं की.

पाटीपेन्सिल
मी प्राथमिक शाळेत शिकवते, आमच्याकडे दरवर्षी एका संस्थेची माणसं येऊन दाखवतात, त्यामुळे दुर्बिणीतलं कमी पण रांगेतलं जास्त कळतं मला.
१) नाही, आकडे नको, सलगच लिहिते. दादा, रांग लावूच नका. टोकन द्या. कागदाच्या चिठ्ठ्या, १ ते १५०, दहा-दहाच्या गटाने वर बोलवा, बाकीच्यांना खाली अंगणात सतरंजीवर बसवा आणि तिथे कुणीतरी बोलका माणूस उभा करा जो नुसत्या डोळ्यांनी आकाश दाखवेल. डिसेंबरात रात्री आठ-साडेआठला मृग, रोहिणी, कृत्तिका सगळं वर असतं, जरा वेळाने व्याध पण येतो. आमच्याकडे मुलं सगळ्यात जास्त रमतात ती मृगाच्या पोटातला बाण आणि त्याच्या रेषेत खाली व्याध, ही गोष्ट सांगितली की. ज्यांना चढवत नाही अशा आजी-आजोबांसाठी तुमची ती ७० एमएमची दुर्बीण खालीच ठेवा, चंद्र तिच्यातून झकास दिसतो.
मुलांसाठी पायरी लागतेच. प्लास्टिकचं स्टूल नको, हलतं आणि मूल पडताना नेमकं दुर्बिणीलाच धरतं. सुताराकडून दोन पायऱ्यांची लाकडी चौकट करून घ्या, बाजूला धरायला दांडा. आणि सगळ्यांना सांगायचं हात मागे बांधून वाका, नाहीतर लोक आयपीस हातात धरून डोळ्याकडे ओढतात. चष्मा असेल तर तसाच ठेवून बघायला सांगा, नाहीतर प्रत्येकामागे फोकस फिरवत बसाल.
आणि हो, बायका येणार असतील तर स्वच्छतागृहाचं कुलूप उघडं आहे ना आणि तिथे दिवा आहे ना ते आधी बघा. हे कुणीच लिहीत नाही.

गच्चीवरचा
ताई हे वाचून ताडकन उठून किल्ली कुणाकडे आहे ते विचारलं. सेक्रेटरींकडे आहे आणि ते त्या आठवड्यात मुलीकडे जाणार होते. वाचलो.

कोकणकडा७
उजेडाचं बघा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एका गाडीच्या हेडलाइटने सगळं पाण्यात. पार्किंग गच्चीच्या विरुद्ध बाजूला द्या. जिन्यात पूर्ण अंधार करू नका, कुणीतरी पडेल, बॅटऱ्यांना लाल जिलेटिनचा कागद दोन पदरी लावून पायऱ्यांवर ठेवा. कोपऱ्यावरचा खांबावरचा दिवा असेल तर नगरपंचायतीत आधी अर्ज द्या, नुसतं वायरमनला सांगून भागवू नका, त्याची ड्युटी त्या दिवशी नसते असा अनुभव आहे.
स्लॅबचं म्हणाल तर डॉब्सोनियन कॉलमच्या डोक्यावर येईल अशी ठेवा, दोन बीमच्या मधे नको, आणि वर एकावेळी दहाच माणसं. शिवाय दिवसभर तापलेली गच्ची रात्री गरम हवा सोडत राहते, प्रतिमा उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखी थरथरते. शेड दिवस मावळायच्या आत उघडा, आरशालाही थंड व्हायला पाऊण तास द्या.

मिरची_भजी
रच्याकने (जाता जाता), हिरवा लेझर घेतलाय का? तारे दाखवायला त्याच्यासारखं काही नाही, दीडशे माणसांना एकदम कळतं रोहिणी कुठली ते.

कोकणकडा७
घ्या पण ५ मिलिवॉटच्या आतला घ्या, आणि एकाच्याच हातात, खिशात परत. विमान दिसलं की लगेच बंद. ऑनलाइन मिळणारे बरेच लेझर लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा जोरात असतात, कुणाच्या डोळ्यात गेला तर कायमचं नुकसान. पोरांच्या हातात अजिबात नाही, सेक्रेटरींच्या नातवाच्या तर नाहीच.

गच्चीवरचा
सेक्रेटरींना नातू आहे हे तुम्हाला कसं माहीत? :D

कोकणकडा७
प्रत्येक सेक्रेटरींना असतो.

जुनं_गोवा
आमच्याकडे पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवर असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमीची सार्वजनिक वेधशाळा, भर शहरात. लहानपणी बाबांचा हात धरून गेलोय. सांगायचा मुद्दा असा की चंद्र आणि ग्रहांना काळं आकाश लागत नाही, तेव्हा उजेडाची जास्त चिंता करू नका, माणसं पडणार नाहीत एवढं बघा. आणि शक्य असेल तर एकच मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा दर महिन्याला ठरलेला शनिवार ठेवा, म्हणजे एका रात्रीत दीडशे येत नाहीत, चाळीस-पन्नास येतात आणि परत येतात. पावसाळ्यात तसंही बंद.

पुणेरी_भिंग
पावसाळ्यावरून आठवलं, जूनमध्ये आयपीस काढून हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. माझ्या दोन बुरशीने गेल्या, सातारा-महाबळेश्वर पट्ट्यात तर विचारूच नका.

अवकाळी
कडं कुठाय याचं उत्तर राहिलं की.

मूळ_नक्षत्र
ते मी देतो, चंद्रावरून हरलो तर निदान इथे तरी. शनीची कडी साधारण दर पंधरा वर्षांनी आपल्याला अगदी कडेवरून दिसतात, कारण त्याची प्रदक्षिणा साडेएकोणतीस वर्षांची आणि एका फेरीत दोनदा असं होतं. यंदा मार्चमध्ये ते झालं, नोव्हेंबरात परत अगदी बारीक झाली होती म्हणजे तुमच्या कार्यक्रमालाच नेमकी. आत्ता चेंडूतून दाभण आरपार घातल्यासारखं दिसतं. पुढे हळूहळू उघडत जातील, २०३२ च्या सुमाराला पूर्ण. लोकांना डोळा लावायच्या आधी हे सांगा, नंतर नाही. आधी सांगितलं तर "दुर्मीळ दृश्य", नंतर सांगितलं तर "सारवासारव".

मिरची_भजी
आणि शनी बघितल्यावर साडेसाती लागते का हे पण कुणीतरी विचारणारच.

गच्चीवरचा
विचारलं ना! एका काकूंनी तर मुलाला बघूच दिलं नाही. काय बोलायचं असतं अशा वेळी?

पाटीपेन्सिल
वाद घालू नका, मागे रांग असते. मी म्हणते, काकू पत्रिकेतला शनी तुम्ही कागदावर रोज बघता, हा खरा कसा दिसतो तेवढं बघून घ्या. निम्म्या बघतात. उरलेल्यांना गुरू दाखवायचा, गुरूला कुणाची हरकत नसते.

जुनं_गोवा
हाहा, गुरूबळ.

मूळ_नक्षत्र
पैशाचं कुणीच बोललं नाही. माझ्या मते तिकीट नको, पेटी ठेवा. तिकीट लावलं की ढग आले तर पैसे परत मागतात. ढगांसाठी दुसरी योजना पण हवी, प्रोजेक्टर असेल तर स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर लावून तेच आकाश भिंतीवर दाखवता येतं, फुकट आहे.
अनुभवी माणसं हवी असतील तर पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेला विचारा, १९४४ पासूनची संस्था आहे. मुंबईकडच्यांसाठी खगोल मंडळ, वांगणीला त्यांचे रात्रभराचे कार्यक्रम असतात, एकदा तिथे जाऊन नुसतं माणसं कशी सांभाळतात तेवढं बघून या.

गच्चीवरचा
(२८ डिसेंबर)
झालं एकदाचं. १८० टोकन संपली. सगळ्यांचे आभार वगैरे नंतर, आधी काय बिघडलं ते सांगतो.
दवाने फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) दोनदा पांढरा झाला, हेअर ड्रायर आणायचं कुणाला सुचलं नव्हतं, शेवटी समोरच्या पार्लरवाल्या ताईंनी दिला. लेझर थंडीत मिणमिणायला लागला तो काखेत धरून धरून वापरला. साडेनऊला वर चढलेल्या शेवटच्या चाळीस जणांना चंद्र दाखवलाच नाही, गुरूवर नेलं होतं, तर त्यांची तक्रार की खालच्यांना चंद्र आणि आम्हाला ठिपका. बरोबर आहे त्यांचं. पुढच्या वेळी टोकनावरच लिहू.
जमलं ते: २५ एमएम. एकदाही "काळं आहे" ऐकायला आलं नाही. गुरूचे चारही चंद्र एका रेषेत, पोरं मोजत होती आणि मोजून झाल्यावर परत रांगेत. सुताराने चौकट सातशे रुपयांत केली, त्यावर उभं राहून आमच्या सेक्रेटरींनी पण बघितलं (मुलीकडचं जाणं पुढे ढकललं त्यांनी, किल्ली हातात घेऊनच फिरत होते). खालच्या ७० एमएमजवळ मात्र गर्दी वरच्यापेक्षा जास्त, तिथे फक्त एक माणूस ठेवला होता, दोन हवे होते.
मागचे ते काळं-आहेवाले काका पण आले होते. या वेळी पहिला नंबर त्यांना दिला. तीन मिनिटं हलले नाहीत, पुणेरी_भिंग यांचं गणित तिथेच कोलमडलं.
पेटीत २,३४० रुपये आणि एक पाचशेची फाटकी नोट.
पुढची तारीख २४ जानेवारी, शनिवारच आहे, चंद्र षष्ठीचा. शनी तेव्हा पश्चिमेला उतरलेला असेल म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी म्हणतोय, की चंद्रच आधी?

पुणेरी_भिंग
शनी आधी, पावणेसात-सातला अंधार पडला की लगेच. चंद्र कुठे जात नाही तोवर. आणि त्या काकांना शेवटचा नंबर द्या.